सोंगाड्याची उपज

ख्यालगायकाने बंदिशीची एक ओळ पाऊण तास घोळवली तर ती उपज, आणि वगातल्या सोंगाड्याने राजाच्या एका प्रश्नाला वीस मिनिटे उत्तर दिले नाही तर तो पाल्हाळ, अशी आपल्या रसिकतेची जुनी वाटणी आहे. या वाटणीमागे जात आहे, वर्ग आहे, सभागृह आणि उघडा माळ यांतले अंतर आहे. हे अनेकांनी सांगून झाले आहे आणि ते खरेच आहे. तमाशाची बाजू घेणाऱ्याला एवढे म्हणून थांबता येते. आम्हांला थांबता येत नाही, कारण आमची अडचण विरोधकाची नाही, भक्ताची आहे. सोंगाड्याच्या ऐनवेळच्या बोलण्यावर आम्ही जीव टाकला, त्यासाठी रात्री जागवल्या, आणि तेच बोलणे पुष्कळदा आम्हांला कंटाळवाणे, क्वचित संतापजनक, तर कधी निव्वळ बनावट वाटले. प्रेम कमी झाले नाही आणि शंकाही मिटली नाही. या दोहोंचा हिशेब एकदा मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आम्ही म्हणजे डाळजचे चार मित्र. इंदापूर तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गाला लागून डाळज नंबर एक, दोन आणि तीन अशी गावे आहेत. उत्तरेला उजनीच्या फुगवट्याचे पाणी, दक्षिणेला ऊस आणि त्याही पलीकडे जिरायत रान. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. आमच्या आधीच्या पिढीने या काठावरची काळी जमीन आणि जुनी गावठाणे पाण्याखाली जाताना पाहिली. दुष्काळी साली पाणी हटते, तेव्हा शेजारच्या पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते आणि माणसे लांबून ते पाहायला येतात. हा भूगोल येथे शोभेसाठी दिलेला नाही. पुढे जो विनोद सांगायचा आहे तो या पाण्यावाचून कळणार नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही महाविद्यालयात मराठी साहित्य शिकत होतो आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांत एका ढोलकीफडाच्या मागे हिंडत होतो. फडाचे आणि त्यातल्या सोंगाड्याचे नाव येथे घेत नाही. ज्याच्याविषयी बरेवाईट दोन्ही बोलायचे आहे, त्याला उत्तर देण्याची संधी नसताना नावानिशी बोलणे बरे नव्हे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे तेथे जाऊन सुपारी ठरवतात, इसार देतात. आमच्या कमिटीतल्या एका थोरल्या चुलत्यांकडून फडाच्या पुढच्या तारखा आम्हांला कळत. मग इंदापूर आणि बारामती तालुक्यांतली तीन-चार गावे आम्ही त्या फडाबरोबर करत असू. बाकी प्रेक्षक वर्षातून एकदा, आपल्या गावात, तमाशा पाहत. आम्ही एकच वग लागोपाठ चार रात्री पाहत होतो. आमचे सारे सुख आणि सारी शंका या एका गोष्टीतून उपजली.

तमाशाची मांडणी साहित्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते: गण, गवळण, बतावणी, मग वग. या मांडणीत लिहिलेले काय आणि न लिहिलेले काय, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकात क्वचित येतो. गण, गवळणीतली पदे, लावण्या, वगातली कवने बांधलेली असतात. त्यांना चाल असते, कर्ता असतो, पुष्कळदा शेवटच्या कडव्यात त्याची नाममुद्राही असते. गद्य संवाद मात्र पिढ्यान्‌पिढ्या कागदाविना चालले. उमाबाबू सावळजकरांचा १८६५ चा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो. तेव्हापासून वगाचे कथानक, प्रवेशांचा क्रम आणि गाणी एवढे सामान फडाकडे असे. मधले बोलणे नट रचत. राजा, प्रधान, कोतवाल यांचे बोलणे फारसे हलत नाही. हलतो तो सोंगाड्या. त्याच्या बोलण्याला खालून ढोलकी आणि हलगी धरून असतात. त्याने वाक्य टाकले की ढोलकीवाला थाप देऊन ते पक्के करतो, आणि वाक्य पडले तर तीच थाप त्याला सावरून घेते. सोंगाड्याची उपज ही एकट्याची नसते. त्याच्यामागे उभा असलेला ढोलकीवाला त्याच क्षणी ठरवत असतो की हे वाक्य संपले की नाही. आम्ही सोंगाड्याचे भक्त म्हणवून घेत असलो, तरी चौथ्या रात्री आमचे निम्मे लक्ष ढोलकीवाल्याच्या मनगटावर असे.

कागदाविना चालण्याची ही रीत राज्यकर्त्यांना खटकली नसती तरच नवल. स्वातंत्र्यानंतर लगेचच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई प्रांतात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. ती उठली, पण वगाची संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. फडांनी संहिता लिहून दिल्या. मंडळाने जे तपासले ते आणि माळावर जे झाले ते, यांत कायम अंतर राहिले. कारण तपासायची वस्तू कागदावर नव्हतीच, ती सोंगाड्याच्या जिभेवर होती. आम्हांला तरुणपणी या गोष्टीचे मोठे कौतुक होते. सत्तेला हाती न लागणारे वाङ्मय, असे काहीसे आम्ही आपसांत म्हणत असू. हे कौतुक आजही आहे. मात्र जे सत्तेच्या हाती लागत नाही ते सदैव सत्तेच्याच विरोधात असते, असे नाही, हे पुढे दिसेल.

पहिला धक्का साधा होता. डाळजमध्ये सोंगाड्या बतावणीला आला आणि म्हणाला की या गावाला तीन नंबर का लागले ते मला आज वेशीवरच कळले. पहिल्या नंबरात चहा मिळाला, दुसऱ्यात साखर मिळाली, तिसऱ्यात पैसे मागितले. गाव हसून लोळले. आम्हीही हा विनोद आमच्यासाठी, आमच्या गावात, आमच्या डोळ्यांदेखत जन्मला असे समजलो. दोन रात्रींनी दुसऱ्या तालुक्यात ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ असलेल्या गावी तोच चहा, तीच साखर आणि तेच पैसे पुन्हा निघाले. तिथले गावही लोळले. त्या गावकऱ्यांच्या चेहऱ्यांवर आम्हांला आमचाच दोन रात्रींपूर्वीचा आनंद दिसला. फसवला गेलेला माणूस दुसऱ्याला फसताना पाहतो तेव्हा त्याला राग येतो की बरे वाटते, हे सांगणे कठीण आहे. आम्हांला दोन्ही झाले.

मग आम्ही वहीत टिपू लागलो. कोणते बोलणे दर रात्री तेच, कोणते गावाचे नाव बदलून तेच, कोणते खरोखर नवे. तिसऱ्या स्तंभात फार थोड्या ओळी पडत. चार तासांच्या खेळात कधी दोन, कधी तीन. एखाद्या रात्री एकही नाही. ज्याला आम्ही उत्स्फूर्त म्हणून ओवाळत होतो, ते बहुतेक ठेवणीतले होते. भक्ताने देवाची यादी करू नये म्हणतात ते यासाठीच असावे.

पण त्याच वहीत एक नोंद अशी आहे की ती कोणत्या स्तंभात टाकायची यावर आमचे चौघांचे आजतागायत एकमत झालेले नाही.

वगात एक प्रवेश होता. प्रधान शेतसारा वसूल करायला येतो आणि सोंगाड्या, जो कुणबी झालेला असतो, तो देत नाही. डाळजच्या रात्री प्रधानाने दरडावून विचारले की तुझी जमीन कुठे आहे ती दाखव. सोंगाड्या लगेच बोलला नाही. त्याने धोतराचा सोगा सावरला, माइककडे पाठ केली, उत्तरेकडे, जिथे दिव्यांच्या पलीकडे फक्त काळोख होता, तिकडे बोट केले आणि म्हणाला, “त्येऽऽ काय तिकडं हाय. मोजाया चला की. पवता येतंय न्हवं, सरकार?” त्या वर्षी चैत्रातही फुगवट्याला पाणी बरेच होते. क्षणभर कोणीच हसले नाही. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणी मान वळवून खरेच तिकडे पाहिले. ढोलकीवाल्याने थाप दिली नाही. मग हसू आले, आणि ते मागून पुढे आले. आधी आमच्यासारखी पोरे हसली, शेवटी ती पुढची रांग. त्या रांगेतल्या माणसांची जमीन खरोखर त्या काळोखात होती. पुनर्वसनाच्या अर्जांवर, मोर्च्यांत, भाषणांत जे पुष्कळदा बोलून झाले होते, ते येथे एका प्रश्नात, तेही सरकारलाच विचारलेल्या प्रश्नात, बोलले गेले.

पुढचा मुक्काम नीरा डाव्या कालव्यावरच्या एका गावी होता. हा कालवा इंग्रजांच्या काळातला, १८८५ च्या सुमाराचा; बारामती आणि इंदापूरच्या पट्ट्यात ऊस आणि साखर कारखाने आले ते त्याच्या पाण्यावर. पण कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाळीचे पाणी पुरते मिळत नाही, ही तिथली रोजची तक्रार. प्रवेश तोच, प्रधान तोच, प्रश्न तोच. सोंगाड्याने या वेळी बोट दाखवले नाही. तो हात जोडून म्हणाला की सारा मी आजच सोडलाय, सरकार. मी आहे कालव्याच्या शेपटाला, तवा पाणी जसं माझ्यापातूर पोचतंय, तसाच सारा तुमच्यापातूर पोचंल. तिसरा मुक्काम जिरायत भागात. तिथे त्याने प्रश्न ऐकून अंगरखा झटकला, धूळ उडवली आणि म्हणाला की ही काय जमीन, वाऱ्यानं अंगावर आली. सातबारा माझ्या नावावर, माती शेजाऱ्याच्या रानात.

तीन गावे, तीन पाणी, एक रिकामी जागा. आमच्यातल्या एकाचे म्हणणे, हे तिन्ही विनोद ठेवणीतले. त्याच्याकडे बुडीत गावाचे, कालव्याच्या गावाचे आणि कोरड्या गावाचे अशी तीन उत्तरे आधीच असणार, तो फक्त निवडतो. दुसऱ्याचे म्हणणे, निवडण्यालाच उपज म्हणतात. तिसऱ्याला त्या रात्री ढोलकीवाल्याने थाप दिली नाही हे महत्त्वाचे वाटले. ठेवणीतला विनोद असता तर थाप तयार असती. ती चुकली, याचा अर्थ ढोलकीवाल्यालाही तो नवा होता. चौथ्याने उलट विचारले की न वाजवणे हेही ठरलेले नसेल कशावरून?

आम्ही सोंगाड्यालाच विचारले. यात्रेत रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी हजेरीचा कार्यक्रम होतो. तो उरकून फड ट्रकवर सामान चढवत होता. “अण्णा, ते पवण्याचं तुम्हांला तिथंच सुचलं का?” त्यांनी तंबाखू मळत आमच्याकडे पाहिले. त्यांनी सांगितले त्याचा मथितार्थ असा: गावात ट्रक शिरला की मी पहिला खाली उतरतो आणि हॉटेलात एकटा चहा घेतो. तिथे कोणी ना कोणी गावाचे दुखणे सांगतोच. ते रात्री कुठे ठेवायचे ती जागा वगात आमच्या वस्तादाने मोकळी सोडलेली आहे. मी ती भरतो. कधी जागा येईपर्यंत काही सापडत नाही, मग आदल्या सालचे काहीतरी टाकतो. मग जाता जाता म्हणाले, “समदंच सुचाया लागलं तर मानूस मरंल की, बाळांनो.”

या उत्तराने आमची शंका मिटायला हवी होती. ती मिटली नाही, फक्त तिची जागा बदलली. उपज रंगमंचावर होत नाही, ती दुपारी चहाच्या टेबलावर होते. रात्री होते ते सादरीकरण, असे म्हणता येईल. पण मग ऐन वेळी माइककडे पाठ करण्याचे काय? तो काळोख दुपारी चहाच्या वेळी काळोख नव्हता, तिथे चकाकणारे पाणी होते.

पुढे अध्यापन करू लागल्यावर मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांचे काम वाचनात आले. पॅरीने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची दीर्घ वीरकाव्ये मुद्रित केली आणि त्यावर आधारलेला लॉर्डचा ‘द सिंगर ऑफ टेल्स’ हा ग्रंथ १९६० साली आला. ठरीव वाक्खंड, ठरीव प्रसंग आणि त्यांची गाताना केलेली जुळणी, हा त्या ग्रंथाचा गाभा. होमरविषयीच्या वादात त्याचे महत्त्व किती, हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ते गायक शपथेवर सांगत की आपण तेच गाणे शब्दाला शब्द तसेच गातो. मुद्रणे ताडून पाहिली तर ते दर वेळी बदललेले असे. आमच्या सोंगाड्याचे नेमके उलटे. तो दर वेळी नवे बोलल्याचा आव आणतो आणि वही ताडून पाहिली तर ते बहुतांशी तेच असते. दोघांचीही फसवणूक एकाच जातीची आहे. ज्या समाजात जुन्याला मान आहे तिथे कलावंत नव्याला जुने म्हणतो. ज्या माळावर ताज्याला मान आहे तिथे तो जुन्याला ताजे म्हणतो. खोटे कुठे असेल तर ते प्रेक्षकाच्या मागणीत आहे. आम्ही ताजेपणा मागितला म्हणून आम्हांला ताजेपणाचे सोंग मिळाले. नाव बघा, तो सोंगाड्याच आहे.

आमच्याजवळ एक टेपरेकॉर्डरही होता. डाळजच्या त्या रात्री तो मंचाच्या कडेला, पेटीवाल्याच्या पायाशी ठेवला होता. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा एक वाद्यवृंद १९६५ पासून १९९५ पर्यंत गावोगाव वाजवत फिरला. एकच गाणे ते कधी पाच मिनिटांत संपवत, कधी पाऊण तास भटकत नेत, आणि कोणती रात्र कशी जाईल हे त्यांनाही ठाऊक नसे. त्यांचे भक्त रात्रीमागून रात्र मुद्रित करून कॅसेटींची देवाणघेवाण करत. १९८४ पासून तर मुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागा राखलेली असे. त्या मंडळींविषयी वाचले तेव्हा सातासमुद्रापलीकडे भावकी सापडल्यासारखे वाटले. त्यांनाही हीच खोड, हेच टिपण, आणि तीनशे नीरस रात्रींच्या ढिगातून एक रात्र शोधण्याची हीच हाव.

आमच्या कॅसेटवर काय आहे? नव्वद मिनिटांपैकी बराच भाग ढोलकी चढवण्याचा, देणगीदारांची नावे पुकारण्याचा आणि हरवलेल्या मुलाच्या घोषणेचा. शेतसाऱ्याचा प्रवेश आहे. प्रधानाचा प्रश्न स्वच्छ ऐकू येतो. त्यानंतर काही सेकंद काहीच नाही, कारण सोंगाड्याने माइककडे पाठ केली होती. मग हशा, मागून पुढे येणारा. विनोद मुद्रित झालाच नाही. त्याची पोकळी आणि तिच्यावर हसणारे गाव मुद्रित झाले. जे जपायचे होते तेवढेच निसटले. ही कॅसेट वर्गात लावली तर विद्यार्थी विनम्रपणे ऐकतात आणि घड्याळ पाहतात. त्यांचे बरोबरच आहे. वाईट रात्री मुद्रणात जशाच्या तशा उतरतात. चांगली रात्र उतरत नाही.

आता वाईट रात्रींविषयी. त्या पुष्कळ होत्या आणि त्यांना ‘लोककलेची रांगडी गोडी’ म्हणून सोडून देणे हा त्या कलेचाच अपमान आहे. सोंगाडी लांबण लावतो याची कारणे बरीचशी मंचामागची असतात. राणीचे काम करणारी अजून नटलेली नसते. दुसरा ट्रक वाटेत अडकलेला असतो. यात्रेची सुपारी रात्रभराची असते, आणि बैलगाडीने, सायकलने आलेला प्रेक्षक उजाडल्याशिवाय घरी जाऊ शकत नाही. म्हणून तीन तासांच्या वगाला पहाटेपर्यंत ताणणे भाग असते. अशा वेळी त्याच मोकळ्या जागा पोत्यासारख्या भरल्या जातात. एकच प्रश्न चार वेळा, बहिरेपणाचे सोंग, शब्द चुकीचा ऐकणे, त्यावरून दुसरा शब्द, त्यावरून तिसरा. ढोलकीवालाही कंटाळून थाप देत राहतो. जी युक्ती डाळजला गाव बोलते करून गेली तीच युक्ती येथे वेळ मारून नेते. साधन एकच, त्यामुळे चांगल्या रात्रीचे ऋण मानायचे तर वाईट रात्रीही पदरात घ्याव्या लागतात. हा सौदा आम्ही वर्षानुवर्षे केला. तो रास्त होता का, हे नक्की सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट अशी की जिथे सौद्याची भाषाही चालत नाही. गवळणीत मावशी, पेंद्या आणि गौळणींची थट्टामस्करी असते. ती ठरीव आहे आणि तिच्यात गौळणीला चोख उत्तरेही आहेत. एका गावी प्रेक्षकांतून कोणीतरी गौळण झालेल्या बाईंविषयी एक घाण शब्द फेकला. सोंगाड्याचे कसब असे की त्याने तो शब्द खाली पडू दिला नाही. उचलला, उलटवला, आणि नेम धरून त्या बाईंवरच टाकला. त्या रात्रीचा सर्वांत मोठा हशा तो. सुचणे म्हणाल तर ते शंभर टक्के सुचणे होते. आमच्या वहीच्या तिसऱ्या स्तंभात ते निःसंशय बसते. बाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनी पाठातले उत्तर दिले आणि नाच पुढे चालू झाला. त्यांना मोकळी जागा नव्हती. वगाच्या वस्तादाने ज्या जागा सोडल्या त्या पुरुषांसाठी सोडल्या होत्या. बाईला उत्तर होते ते नेमून दिलेले.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) आम्ही दरवर्षी शिकवतो. शहरातून खेड्यात आलेली एक हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी संहितेशिवाय एक खोटा खटला रचते. सगळे ऐनवेळचे, सगळे गमतीचे, आणि त्या गमतीच्या आडून एका स्त्रीची शिकार होते. खेळच आहे, मनावर घेऊ नका, हे वाक्य तिथे हत्यार होते. उत्स्फूर्ततेविषयी मराठीत इतके भेदक दुसरे काही लिहिले गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ठरलेल्या शब्दांवर निदान जबाबदारी टाकता येते. ऐनवेळी सुचलेल्या शब्दाचा कर्ता, तो ‘असाच आला’ म्हणून, निसटून जातो. संहिता तपासणाऱ्या मंडळाच्या हाती जे लागले नाही, ते त्या बाईंच्याही हाती लागले नाही. प्रधानाला पोहता येते का हे विचारणारी मोकळीक आणि ही मोकळीक एकाच मुळाची. एक ठेवून दुसरी छाटता येईल असा चाकू आम्हांला सापडलेला नाही.

शहरी रंगभूमीने या मोकळिकीला मान दिला तो मात्र निवडून. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये आले. त्याला संहिता होती, लेखक होता. दादा कोंडके प्रयोगागणिक तिच्यात ताज्या घडामोडी घालत राहिले आणि दीड हजारांवर प्रयोगांत लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहायला गेले, ते आज दादा काय बोलतात यासाठी. तेथे या गुणाला हजरजबाबीपणा म्हटले गेले. फडातल्या सोंगाड्याच्या वाट्याला तो शब्द क्वचित आला. लेखकाचे नाव जाहिरातीत असले की नटाची भर ही भर ठरते. लेखक नसला की तीच भर भेसळ ठरते. साहित्याच्या अभ्यासकांनी याचा विचार करायला हवा, कारण ‘भर’ कशाला म्हणायचे हे ठरवणारी मूळ संहिता आपणच देव्हाऱ्यात बसवलेली आहे.

आज हे सगळे आणखी वेगळ्या वळणावर आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. मोजक्या दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सूट मिळू शकते, तेवढीच. पहाटेपर्यंत ताणायचा वग आता दोन-अडीच तासांत गुंडाळावा लागतो आणि कात्री पहिल्यांदा लागते ती मोकळ्या जागांना. वेळकाढूपणा गेला, तसा त्यातून अवचित निघणारा क्षणही गेला. २०२० आणि २०२१ च्या यात्रा महासाथीत बुडाल्या. शंभराच्या आसपास माणसे पोसणाऱ्या फडांनी त्या दोन वर्षांत काय सोसले ते त्यांनाच ठाऊक. आणि आता प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात मुद्रणयंत्र आहे. रात्री डाळजला केलेला विनोद सकाळी पुढच्या गावच्या मोबाइलवर असतो. चहा, साखर आणि पैसे तीन गावांत चालवण्याची सोय संपली. वरवर पाहता ही आमच्या वहीची सरशी आहे: आता प्रत्येक प्रेक्षक आमच्यासारखा चार रात्रींचा प्रेक्षक झाला आहे. पण कलावंताने रोज रात्री चार तास नवेच बोलावे ही मागणी माणसाला झेपणारी नाही. ठेवणीतले वापरायची मुभा नसेल तर मोकळी जागा सोडण्याची हिंमत कोणता वस्ताद करील? त्यापेक्षा चित्रपटातले गाणे लावणे सोपे. ते सर्वांना आधीच ठाऊक असते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

आमच्या हिशेबाची बेरीज जमत नाही, हे आता उघड आहे. तरी एक फरक हाती लागतो आणि तो शिकवण्याच्या उपयोगाचा वाटतो. गावाचे नाव बदलून तोच विनोद करणे ही हातचलाखी. गावाचे दुखणे ऐकून त्याच जागी वेगळा अर्थ ठेवणे ही उपज. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. पहिलीला फक्त जीभ लागते, दुसरीला आधी कान लागतो. गौळणीवर शब्द फेकणाऱ्या त्या रात्री जीभ कमालीची चालली होती. कान फक्त ओरडणाऱ्याकडे होता, शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे नव्हता. नवे किती सुचले, हा आमच्या वहीचा प्रश्न होता. ऐकले कोणाचे, हा तिने विचारायला हवा असलेला प्रश्न.

छापील वग वर्गात शिकवताना आता आम्ही एक करतो. प्रधान सारा मागतो आणि सोंगाड्या उत्तर देतो, तिथे छापलेले उत्तर वाचू देत नाही. विद्यार्थ्याने आपल्या गावाला पाणी कुठून येते आणि कोणाला मिळत नाही हे आधी सांगायचे, मग त्या जागी बोलायचे. बहुतेकांना काही सुचत नाही, आणि ते ठीकच आहे. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे सगळेच सुचू लागले तर माणूस मरेल. पण मागच्या वर्षी एका मुलीने प्रधानाला फक्त एवढेच विचारले की पाण्याचा टँकर आणलाय का, की मोकळेच आलात? कोणी थाप द्यायला नव्हते. तरी वर्ग आधी गप्प झाला, मग हसला.